मुलीच्या डोळ्याला टाके घातले, तरी दिसत नाही. ऑपरेशन फसलं का? दुसरं पुढे ढकललं तर चालेल का?

तासगावकडच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: द्राक्षबागेत मंडपाची तार ओढताना सुटलेलं टोक 6 वर्षांच्या मुलीच्या उजव्या डोळ्यात गेलं. त्याच रात्री बुबुळाला टाके घातले. आता तीन आठवडे झाले, पण त्या डोळ्याने तिला उजेड आणि समोर हलवलेला हात एवढंच कळतं. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू झालाय, दुसरं ऑपरेशन करावं लागेल. घरचे म्हणतात, पहिलंच फसलंय, दुसरा डोळा धडधाकट आहे, पोरीला पुन्हा भूल कशाला, मोठी झाली की बघू.

दादा, तुम्ही सांगताय त्यावरून पहिलं ऑपरेशन फसलेलं नाही. आणि ‘मोठी झाली की बघू’ हे तेवढं करू नका. मी मिरजेत डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्या रात्री आत काय झालं असेल आणि आता घाई कशाची आहे, हे मी नक्की सांगू शकते.

पहिल्या रात्री डोळा वाचवायचा असतो. नजरेचं काम त्यानंतर सुरू होतं. बुबुळ, म्हणजे डोळ्याची समोरची पारदर्शक काच, फाटलं की आतलं पाणी वाहून जातं, डोळा मऊ पडतो आणि बाहुलीभोवतीचा तपकिरी भाग जखमेतून बाहेर येतो. मायक्रोस्कोपखाली आधी तो हलक्या हाताने आत सारतात, खराब झाला असेल तर तेवढाच कापतात. मग टाके. धागा नायलॉनचा, केसापेक्षा बारीक, आम्ही त्याला टेन-झिरो म्हणतो. टाका सैल राहिला तर जखम गळते, जास्त ओढला गेला तर बुबुळाचा आकार बिघडून चष्म्याचा तिरका नंबर वाढतो. प्रत्येक गाठ फिरवून बुबुळाच्या आत पुरावी लागते, नाहीतर पापणी मिटताना दर वेळी टोचते. शेवटी नारिंगी औषधाची कागदी पट्टी जखमेला टेकवून निळा उजेड टाकतात. कुठे गळत असेल तर तिथून हिरवी धार उतरताना दिसते, मग तिथे आणखी एक टाका. हे सगळं नीट झालं आणि पुढच्या दिवसांत डोळ्यात पू झाला नाही, म्हणजे त्या ऑपरेशनने आपलं काम केलं.

‘मग त्याच वेळी मोतीबिंदू काढून लेन्स का नाही बसवली?’ हे आम्हाला जवळजवळ प्रत्येक आईबाप विचारतात. ताज्या जखमेत बुबुळ सुजून धूसर झालेलं असतं, आतलं दिसत नाही. तार मातीत पडलेली, म्हणजे जंतुसंसर्गाची धास्ती. लेन्सचा नंबर काढायला बुबुळाचं माप लागतं, ते फाटलेल्या बुबुळावर घेणार कसं? म्हणून बऱ्याच वेळा आधी जखम बंद करतात, सूज उतरू देतात आणि मग मोतीबिंदूला हात घालतात. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतंय.

आता घाईचं कारण. मोठ्या माणसाला मार लागून मोतीबिंदू झाला आणि त्याने वर्षभर काढलं, तरी नंतर लेन्स बसवल्यावर नजर परत यायला हरकत नसते. लहान मुलाचं तसं नाही. पाहायला मेंदू शिकत असतो, आणि हे शिकणं साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. त्या काळात एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. मग पुढे कितीही चांगली लेन्स बसवा, डोळा दुरुस्त असतो पण नजर येत नाही. तुमची मुलगी सहाची आहे, वेळ आहे, पण फार नाही.

नजर किती येईल? खोटी आशा दाखवणार नाही. बरंचसं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अवलंबून आहे. मोतीबिंदूमुळे आत डोकावता येत नाही, म्हणून पापणीवर जेल लावून डोळ्याची सोनोग्राफी करतात. केली नसेल तर विचारा. पडदा जागेवर असेल आणि उजेड कुठल्या बाजूने येतो हे ती बिनचूक सांगत असेल, तर चांगली आशा धरायला जागा आहे. जखम बुबुळावरून पांढऱ्या भागात लांबवर गेली असेल किंवा पडदा सुटला असेल, तर पडद्याच्या सर्जनचं वेगळं, मोठं ऑपरेशन लागतं आणि नजर बेताचीच येते. तारेचा कण आत राहिल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन काढतात. एमआरआय मात्र नाही, त्याच्या चुंबकाने लोखंड आतल्या आत हलतं.

मुलांच्या मोतीबिंदूत लेन्समागची पिशवी फार लवकर गढूळ होते. म्हणून या वयात बहुधा त्याच ऑपरेशनमध्ये त्या पिशवीला मागून छोटी खिडकी करतात. सैल झालेले टाकेही बऱ्याचदा त्याच भुलीत निघतात. मुलांचे टाके मोठ्यांपेक्षा लवकर सैल होतात आणि सैल टाक्याला जंतू धरतात. मध्येच ती उजेडात डोळा मिटायला लागली, पाणी यायला लागलं, डोळा लाल झाला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. भुलीची भीती स्वाभाविक आहे. सर्दी, खोकला, ताप, दमा, आधीच्या भुलीत झालेला त्रास, काहीही लपवू नका. उपाशी ठेवायला सांगतील तेव्हा काटेकोर ठेवा. रडते म्हणून आजीने गुपचूप दिलेलं अर्धं बिस्किटसुद्धा भुलीत धोक्याचं ठरू शकतं.

आणि मग खरी मेहनत तुमच्या घरात. लेन्स बसली की चष्मा लागेल, जवळचं वाचायला वेगळा नंबर लागेल, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी. किती तास ते डॉक्टर सांगतील. इथेच बहुतेक घरं थकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते आणि मनाला फार लागतं. पोर रडतं, अंधुक डोळ्याने चालताना अडखळतं, घरातल्यांना वाटतं चांगला डोळाही बांधून घालवतील. तो जात नाही. तपासणीला दर वेळी दोन्ही डोळे बघतात ते त्यासाठीच. पट्टी चष्म्यावर नको, कातडीवर चिकटवा; चष्म्यावर लावली तर मुलं वरून बघतात. पट्टीच्या वेळेत तिला जवळून बघायचं काम द्या: मणी ओवणं, शेंगा सोलणं, ठिपक्यांची रांगोळी जोडणं. बाईंना सांगून शाळेत पुढच्या बाकावर बसवा. चष्म्याला पॉलिकार्बोनेटची काच मागा, ती सहजी फुटत नाही. आता तिचा चांगला डोळा राखणं हेही उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे.

‘दुसरा डोळा चांगला आहे’ म्हणणाऱ्या घरच्यांना आणखी एक सांगा. एका डोळ्याला असा खोल घाव झाला, तर क्वचित काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शरीर चांगल्या डोळ्यावरच उलटतं. अंधांसाठी ब्रेल लिपी शोधणारा लुई ब्रेल 3 वर्षांचा असताना, 1812 मध्ये, वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी डोळ्यात जाऊन जखमी झाला आणि पुढे दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. आज यावर औषधं आहेत, पण लवकर कळलं तरच. चांगला डोळा लाल झाला, धूसर दिसायला लागलं, उजेड सहन होईना, तर लगेच दवाखाना गाठा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: तार, काटा, विटी, उसाचं टोकदार पान, काहीही डोळ्यात घुसलं तर धुऊ नका, चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका, रुतलेलं उपटू नका. डोळ्याला न टेकेल असा कागदी कप वरून लावा, खायला-प्यायला देऊ नका आणि निघा. खायचा चुना किंवा फवारणीचं औषध उडालं तर नेमकं उलटं: असाल तिथेच पापणी उघडून निदान अर्धा तास स्वच्छ पाणी ओतत राहा, मगच गाडीत बसा.

पैशांचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डोळ्यांची अनेक ऑपरेशन्स बसतात. रेशनकार्ड आणि मुलीचं आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ. लहान मुलांच्या डोळ्यांचा वेगळा विभाग हवा असेल तर पुण्यात एच. व्ही. देसाई रुग्णालय आहे. जिथे जाल तिथे पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट न्या. टाके किती, जखम कुठपर्यंत, आतलं काही कापलं का, हे पुढच्या सर्जनला त्यावरूनच कळतं.