गोलकीपर पुढे गेला, मागे कोण?

या वेळी फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न गोल करणाऱ्या गोलकीपरविषयी निघाले. म्हटलं, आज तेवढंच घेऊ.

‘आमच्या गोलकीपरने हाताने लांब फेकलेला बॉल टप्पा खाऊन थेट समोरच्या गोलमध्ये गेला. पंचांनी गोल दिला नाही. मैदान लहान होतं, पण गोल तो गोलच ना, सर?’ (बार्शी)

नाही रे बाबा. 2019 पासून नियम स्पष्ट आहे: गोलकीपरने हाताने फेकलेला बॉल कुणालाही न लागता समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, समोरच्यांना गोलकिक, म्हणजे त्यांनी आपल्या गोलसमोरून बॉल मारून खेळ सुरू करायचा. लाथ मारली असती तर चाललं असतं. हातातून सोडून मारलेली किक असो की गोलकिक, थेट गोल धरतात. पंचांशी वाद घातला असशील तर जाऊन माफी माग.

‘मुलगा चौदा वर्षांचा, गोलकीपर आहे. त्याला पेनल्टी आणि फ्री किक मारायच्या आहेत. कोच म्हणतात, तू हात सांभाळ. काय करावं?’ (जुळे सोलापूर)

ताई, कोचचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं तुमच्या मुलाचं.

ब्राझीलच्या रोजेरिओ सेनीच्या नावावर 131 गोल आहेत, आणि तो सगळा वेळ गोलकीपरच होता. शंभरावा गोल त्याने 2011 मध्ये कोरिंथियन्सविरुद्ध फ्री किकवर मारला. पॅराग्वेच्या चिलाव्हर्टने 1999 मध्ये वेलेझ सार्सफिल्ड क्लबकडून एकाच सामन्यात तीन पेनल्ट्या घालून हॅटट्रिक केली. समोरचा गोलकीपर कधी कलतो, वजन कोणत्या पायावर टाकतो, हे गोलकीपरइतकं कुणाला कळणार? त्यामुळे मारू द्या. मात्र डाइव्ह आणि कॅचिंगचा सराव झाल्यावर, आधी नाही.

आता कोचचं अर्धं. जर्मनीत हान्स-यॉर्ग बुट नावाचा गोलकीपर पेनल्टीचा पक्का होता. 2004 मध्ये लेव्हरकुसेन क्लबकडून शाल्के क्लबविरुद्ध त्याने पेनल्टी घातली आणि गडी आनंद साजरा करत रमतगमत परत निघाला. शाल्केच्या हांकेने सेंटर (गोलनंतर मैदानाच्या मध्यातून खेळ पुन्हा सुरू होतो तो) झाल्या झाल्या लांबून मारला, बॉल मोकळ्या गोलमध्ये! नियमात ते बसतं. सेंटरच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या अर्ध्यात असलं की झालं. गोलकीपर गोलमध्ये पोचलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? पेनल्टी अडवली किंवा खांबाला लागली तर आणखी वाईट, कारण खेळ चालूच राहतो. पूर्ण मैदानावर तिकडून इकडे नव्वद मीटरच्या आसपास. चांगला पळणाऱ्यालाही तेरा-चौदा सेकंद लागतात, बॉलला चार-पाच.

म्हणून मुलाला नेम शिकवा, आणि त्याच सरावात किक मारून लगेच गोलपर्यंत पळायलाही लावा. दहा वेळा. हौस खरी असेल तर कुरकुर करणार नाही.

‘शेवटच्या मिनिटाला समोरचा गोलकीपर कॉर्नरसाठी आमच्या बॉक्समध्ये आला. बॉल सुटला, मी सेंटर लाइनच्या पुढे होतो, माझ्या आणि गोलच्या मध्ये त्यांचा एक डिफेंडर. तरी ऑफसाइड! काय ओ हे?’ (अक्कलकोट रोड)

लाइन्समन बरोबर होता. ऑफसाइडसाठी मोजायचा असतो तो समोरच्यांचा शेवटून दुसरा खेळाडू; पास निघताना तू बॉलच्या आणि त्याच्याही पुढे असलास की ऑफसाइड. एरवी शेवटचा गोलकीपर असतो म्हणून आपण फक्त डिफेंडरकडे बघतो. गोलकीपर पुढे गेला की एका डिफेंडरने भागत नाही. पुढच्या वेळी पास निघेपर्यंत सेंटर लाइनच्या अलीकडे, आपल्याच अर्ध्यात उभा राहा. तिथे ऑफसाइड नसतोच. मग पळ.

‘शूटआउटमधला गोल गोलकीपरच्या खात्यात धरतात का?’ (पंढरपूर)

नाही. शूटआउट म्हणजे बरोबरी झाल्यावर निकालासाठी मारायच्या पेनल्ट्या, त्या खात्यात धरत नाहीत. 2004 च्या युरो स्पर्धेत शूटआउटमध्ये पोर्तुगालच्या रिकार्डोने हातमोजे काढून इंग्लंडची पेनल्टी अडवली, मग स्वतः विजयी पेनल्टी मारली. तोही हिशेबात नाही.

‘गोलकीपरच्या किकवर थेट गोल झाला तर चूक कुणाची?’ (होटगी रोड)

या प्रश्नावर मी थोडा हळवा आहे.

2013 मध्ये इंग्लंडच्या स्टोक क्लबचा गोलकीपर बेगोविच याने साउदम्प्टनविरुद्ध तेराव्या सेकंदाला स्वतःच्या बॉक्समधून बॉल पुढे मारला. समोरचा गोलकीपर बोरुच याच्या पुढे टप्पा पडला आणि बॉल त्याच्या डोक्यावरून आत. अंतर 91.9 मीटर. बेगोविचने आनंद साजरा केला नाही. समोरच्याचं दुःख त्याला ठाऊक होतं.

मलाही ठाऊक आहे. मे महिन्यातला सामना, मैदान मुरमाड आणि तव्यासारखं तापलेलं. त्यांच्या गोलकीपरने उंच किक मारली. मी बॉक्सच्या कडेला उभा होतो, टप्पा पडला की छातीवर घेऊ म्हणून. टप्पा पडला आणि बॉल उसळला तो थेट डोक्यावरून. मागे वळलो तर जाळी हलत होती. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, हिरवळीवरचा अंदाज इथे चालत नाही. चूक माझीच होती. बॉल समोरच्या गोलकीपरच्या हातात असताना पाच-सहा पावलं मागे हटायला हवं होतं. टप्प्याआधी गाठता येत नसेल तर बॉल पुढ्यात राहील इतकं मागे.

घरी आलो तेव्हा गल्लीत सगळ्यांना आधीच कळलं होतं. आईने भाकरी वाढता वाढता एवढंच विचारलं, ‘तू तेव्हा कुठं होतास रे?’