पॉपस्टारच्या बालपणावरच्या टीव्ही चरित्रपटात तिच्या गाण्याचं कव्हर वापरायला परवानगी लागते का?

हो, लागतेच. अंधेरीच्या स्टुडिओत दुसऱ्या गायिकेकडून गाणं गाऊन घेतलं, तर फक्त मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे लेबलची (संगीत कंपनीची) परवानगी वाचते. शब्द आणि चाल ज्यांच्या मालकीची, त्यांच्याकडून सिंक परवाना, म्हणजे गाणं चित्राला जोडण्याची परवानगी, घ्यावीच लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मधली कव्हरची सवलत ध्वनिमुद्रणापुरती आहे, चित्राला जोडलेल्या गाण्याला नाही. इथेच निर्माते फसतात. करारात ओटीटी, प्रोमो, मुदत आणि देश वेगवेगळे लिहून घ्या. नुसतं ‘टीव्ही’ लिहिलं की यूट्यूबवरचा ट्रेलर अडकतो. मात्र गीतकार आणि संगीतकार दोघांच्याही मृत्यूला ६० वर्षं उलटून गेली असतील, तर भारतातल्या प्रक्षेपणासाठी असं जुनं गाणं नव्याने गाऊन घ्यायला हरकत नाही. लहानपणी ती शिकलेल्या पारंपरिक गाण्यांना हे छान लागू पडतं.