कोपरावर मऊ गोळा आलाय, दुखत नाही, सिरिंजने पाणी काढून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की दहा दिवसांपासून डाव्या कोपराच्या टोकावर लिंबाएवढा मऊ गोळा आहे, दुखत नाही, घरून काम करता, आणि मित्र म्हणतोय सिरिंजने पाणी काढून टाक, एका मिनिटाचं काम आहे. मी डॉक्टर नाही, पुण्यात प्रुफं वाचून पोट भरणारा माणूस आहे, पण हाच गोळा मी जवळजवळ दोन महिने वागवलाय म्हणून लिहितोय. मित्राचं एवढ्यात ऐकू नका. ऑर्थोपेडिकला दाखवा, आणि हे वाचताना कोपर टेबलावर असेल तर आधी तो उचला.

माझं झालं असं की गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकांच्या प्रुफांचा ढीग येऊन पडतो, सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. डावा हात गालाला, कोपर टेबलाला, उजव्या हातात लाल पेन, रोजचे दहा-बारा तास अशीच बैठक. कोपराचं टोक आपलं आपल्याला दिसत नाही हो, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. एकदा बाह्या वर करून भांडी घासत होतो तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, तुझ्या कोपराला हे काय लोंबतंय? हात लावला तर पाण्याचा फुगा असावा तसं गुबगुबीत.

मग नेहमीचं सुरू झालं. आईने आंबेहळदीचा लेप लावला, त्याने शर्ट पिवळा झाला, बाकी काही नाही. लेप एकवेळ ठीक, पण ओळखीतल्या एकाने 'गाठ आहे, मोकळी करून देतो' म्हणून तेल लावून दोन दिवस अंगठ्याने रगडलं आणि मी रगडून घेतलं, हा मूर्खपणा मात्र माझा. तिसऱ्या दिवशी सूज दीडपट आणि कोपर टेकवला की कळ. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी आधी हात पूर्ण सरळ करायला लावला, मग वाकवायला. सरळ नीट होत होता, पूर्ण वाकवताना वरची कातडी ताणल्यासारखी वाटायची. म्हणाले सांधा ठीक दिसतोय, पाणी सांध्याच्या बाहेर आहे. कोपराचं हाड आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला, कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून. एरवी ती रिकाम्या पाकिटासारखी चपटी पडलेली असते, जाणवतही नाही. रोज दाबली किंवा एकदाच जोरात आपटली की चिडते आणि आत पाणी धरते. याला ऑलेक्रेनॉन बर्सायटिस म्हणतात. इंग्रजीत याचं जुनं नाव स्टुडंट्स एल्बो, कोपर टेकून अभ्यास करणाऱ्यांचं, आणि दुसरं मायनर्स एल्बो, कारण अरुंद खाणीत कोपरांवर भार देऊन सरपटावं लागायचं. मी अभ्यासात कधी फार हुशार नव्हतो, आता या वयात स्टुडंट झालो.

मग त्यांनी पालथा हात आधी एका कोपराला लावला, मग दुसऱ्या, गरम किती लागतंय बघायला. ताप येतोय का, कुठे खरचटलं होतं का, शुगर आहे का, पायाचा अंगठा कधी सुजला होता का, असं सगळं विचारलं. अंगठ्याचं का विचारलं ते मला नंतर कळलं, गाऊट म्हणजे बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होणारं सांध्यांचं दुखणं, त्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे या पिशवीतही साठतात. रक्तही तपासलं, पण ते म्हणाले ऐन दुखण्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, रिपोर्टवर फार विसंबू नका.

आता तुमच्या मित्राच्या सिरिंजबद्दल. मीही हेच विचारलं होतं, काढून टाका ना एकदाचं. ते म्हणाले पाणी स्वच्छ असेल आणि फार त्रास नसेल तर सुई टोचायची घाई कशाला, काढलं तरी दाब चालू राहिला तर परत भरतं, आणि सुईवाटे कातडीवरचे जंतू आत गेले तर साधं दुखणं अवघड होऊन बसतं. इन्फेक्शनचा किंवा गाऊटचा संशय असेल तर मात्र पाणी काढतात, ते लॅबला पाठवायलाच. स्टेरॉइडचं इंजेक्शनही असतं, पण त्याने कातडी पातळ पडू शकते आणि इन्फेक्शनची भीती असते, मला त्यांनी दिलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. कोपर लालबुंद झाला, गरम लागला, कपडा घासला तरी ठणकतोय, ताप आला, लाली दंडाकडे किंवा हाताकडे पसरली, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तेव्हा पू होत असू शकतो, अँटिबायोटिक लागतं. शुगर असेल तर अजिबात वाट बघू नका. आणि पडून आपटून सूज आली असेल तर एक्स-रे काढून घ्या.

मला त्यांनी सांगितलं ते साधंच होतं: फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, सैलसर क्रेप बँडेज (बोटांना मुंग्या आल्या की सोडायचं), थोडे दिवस दुखण्या-सुजेच्या गोळ्या, त्याही जेवणानंतर आणि त्यांना विचारूनच. आणि कोपर टेकवायचा नाही. या शेवटच्यानेच माझा जीव खाल्ला. मी शपथेवर सांगितलं असतं की मी टेकवत नाही, आणि टेबलाच्या कडेला सनमायकाची चमक बरोब्बर कोपराएवढ्या जागेत उडालेली! मुलीने पार्सलमधला बबल रॅप माझ्या कोपराला गुंडाळून चिकटपट्टी मारली. टेकवला की फट. ती आतल्या खोलीतून मोजायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत 31.

आईने जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली, हंडा डोक्यावर घ्यायला करतात तशी. हात ठेवावाच लागला तर चुंबळीत, म्हणजे टोक मधल्या भोकात अधांतरी राहतं आणि भार बाजूला जातो. मेडिकलमध्ये एल्बो पॅड मिळतं तेही चालेल, मला त्यात घाम यायचा. प्रुफं तिरप्या पाटावर ठेवायला लागलो, त्यामुळे वाकून गालाला हात लावायची वेळच येईना.

पहिले दोन आठवडे काही फरक नाही, मी वैतागलो होतो, वाटलं डॉक्टरांनी कोपराला गूळ लावून पाठवलंय. तिसऱ्या आठवड्यात गोळा ढिला पडला, सातव्यात गेला. अजून हात फिरवला की आत साबुदाण्याएवढं काहीतरी सरकतं, डॉक्टर म्हणाले राहू दे. तुमचं तीन-चार महिने होऊनही जात नसेल किंवा सारखं भरत असेल तर पुढचं त्यांना विचारा, काहींची पिशवी ऑपरेशनने काढतात, पण ते फार कमी जणांना लागतं.

तुमचा कोपर डावा आहे, म्हणजे माऊसचा हात नाही. मीटिंगमध्ये फोन कुठल्या हाताने धरता तेवढं बघा, आणि खुर्चीच्या हाताला नुसतं कडक प्लास्टिक आहे का तेही.