मांसाच्या वेगळ्या, अंड्याच्या वेगळ्या

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. कोंबडीची शंभर पिल्लं आणायची, निम्मी मोठी करून विकायची, निम्मी अंड्याला ठेवायची आणि सगळी एकाच शेडमध्ये. पिल्लं आण, पण एका शेडमध्ये नको. मधे जाळी टाकून भागत नाही, परसाच्या दोन टोकांना दोन खुराडी बांध.

लेयरच्या, म्हणजे अंड्याच्या कोंबडीच्या, खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, टरफलासाठी लागतं ते, पण तेच वाढत्या पिल्लाने रोज खाल्लं की त्याच्या किडन्या बिघडतात. उलट ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबडीचं, फिनिशर (शेवटच्या टप्प्यातलं खाद्य) लेयरला घातलंस तर ती चरबी धरते, अंडी कमी होतात आणि टरफल पातळ. शिवाय मांसाची बॅच गेली की शेड धुवून, चुना मारून दोन आठवडे मोकळी ठेवता येते, अंड्याची कोंबडी मात्र दीड वर्ष तिथंच, तिच्या अंगात जो रोग मुरलेला असेल तो नव्या पिल्लांना लागतो. म्हणून सकाळी आधी पिल्लांचं करायचं मग मोठ्यांचं, आणि परत पिल्लांकडे जायचंच झालं तर चप्पल बदलून.

ब्रॉयलर सहा आठवड्यात दोन किलोचा होतो हे खरं, पण पहिल्या वर्षी आणू नकोस असं माझं मत. कंपन्या हजारोंनी करतात, त्यांच्या भावात तुला परवडणार नाही, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तयार पक्षी भर दुपारी धापा टाकत मरतो. मांसाला गिरिराज नाहीतर वनराज जातीची घे, अंड्याला ग्रामप्रिया जातीची. नुसती गावरान ठेवलीस तर वर्षाला 60-70 अंडी, त्यात मधेच खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते.

गिरिराज विकायला तीन-साडेतीन महिने लागतात, त्यामुळे कालनिर्णय समोर ठेवून उलटं मोजायचं. आखाडात, गटारीपर्यंत, लोक दारात येऊन कोंबडा मागतात आणि श्रावण लागला की कुत्रं विचारत नाही. म्हणजे पिल्लं मार्चअखेर-एप्रिलमध्ये आली पाहिजेत, फक्त त्याआधी अधिक महिना येत असेल तर आखाड पुढे सरकतो, ते बघ. अंड्याचं उलट. ग्रामप्रिया अंड्यावर यायला पाच-एक महिने जातात, थंडीत अंड्याला भाव चढतो, म्हणून ती जुलैत आण. पावसात ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देणं, कटकटीचं, लाईट जाते, कोळशाची शेगडी तयार ठेव आणि धूर बाहेर जायला वाट ठेव.

ऊब पहिला आठवडा 35 डिग्री, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्रीने कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघ, रात्री उठून बघ. बल्बखाली एकमेकांवर चढलीत म्हणजे थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी म्हणजे उकडतंय, सगळी एकाच बाजूला म्हणजे कुठूनतरी वारा येतोय. सगळीकडे पसरून निवांत पडली असतील तर तूही जाऊन झोप. खालचं तूस मुठीत दाबायचं, लाडूसारखं वळलं तर ओल झालीये, बदल नाहीतर रक्ती हगवण लागलीच समज.

लसीत कंजूषी नको. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आणि अंड्याच्या कोंबड्यांना आठ-दहा आठवड्यांच्या झाल्या की आरटूबीचं इंजेक्शन, तीही मानमोडीचीच लस. मानमोडी आली की औषध नाही, खुराडं रिकामं होतं. लस बर्फातूनच आण, पाण्यातून देणार असशील तर पाणी विहिरीचं घे, टीसीएलचं (ब्लीचिंग पावडर टाकलेलं) नको.

अंडी सुरू झाली की रोज एकीमागे 110-120 ग्रॅम खाद्य जातं, मग फुकट खाणारी कोण ते शोधावं लागतं. संध्याकाळी कोंबडी काखेत धरून मागची दोन हाडं चाचपायची. मधे दोन-तीन बोटं बसली आणि तुरा लालबुंद असला तर ती घालतेय, एक बोटही बसत नसेल आणि तुरा फिक्का सुकलेला असेल तर ती रविवारच्या रश्श्याची. फक्त पिसं गाळत असेल तर थांब जरा, तेव्हा सगळ्याच बंद होतात. डिसेंबरात दिवस आपल्याकडे अकरा तासांचा, म्हणून पहाटे बल्ब लावून उजेड चौदा-पंधरा तासांवर ने.

चिकन मेश घेतलीयस म्हणालीस, ती मुंगूस फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी) घे आणि खाली फूटभर पुरून टाक. पिल्लं बुक करायच्या आधी दोन्ही खुराड्यांची मापं पाठव, अंड्याच्या कोंबडीला दोन चौरस फुटाने जागा धर.

तुझी काकू