'गद्य' माणूस आणि 'अकल्पक' माणूस

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: कल्पनाशक्ती नसलेल्या माणसाला 'गद्य' म्हणतात ते बरोबर का, की 'अकल्पक' म्हणावं?

दोन्ही शब्द बरोबर, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. भर पावसाळ्यात दूधसागर फेसाळत कोसळतोय, डब्यातले सगळे खिडकीशी लोटलेत आणि एकजण घड्याळाकडे बघत म्हणतो, 'आता गाडी लेट होणार.' हा गद्य माणूस. त्याचं मन हलत नाही एवढंच. डोकं चालत नाही असं नव्हे. हाच गृहस्थ चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला बसला तर रानातल्या फळांचा असा मोर उभा करील की बघत राहावं. म्हणजे बोलण्यात गद्य, हाताने कल्पक. उलट, बोरकरांच्या कविता तोंडपाठ म्हणणाऱ्याची माटोळीही अकल्पक असू शकते.

'गद्य' मुळात हिणवणारा शब्द नव्हेच. संस्कृतात 'गद्' म्हणजे बोलणे. बोलायचं ते गद्य. 'गद्यं कवीनां निकषं वदन्ति', कवीची कसोटी गद्यात लागते, असं जुनं वचन आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' गद्यातलीच, आणि तिच्या नावावरून मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराचं बारसं केलं! तरी माणसाला लावला की गद्य म्हणजे कोरडा, हा अर्थ आता पक्का झालाय. गोव्यात मात्र जपून. जत्रेतलं नाटक 'गद्य होतं' म्हणालात तर ऐकणारा एवढंच समजेल की त्यात पदं नव्हती.

'कल्पनाशून्य' लिहिताना खपतो, बोलताना जड वाटतो. मला तो फारसा आवडत नाही. भाषण, सजावट, जाहिरात असल्या गोष्टींना 'ठोकळेबाज' छान बसतो. 'त्याला कल्पना नाही' हे मात्र या अर्थी चालणार नाही, त्याचा अर्थ 'त्याला ठाऊक नाही'.

आणि 'अकल्पित' तर भलतंच. ते म्हणजे ध्यानीमनी नसताना घडलेलं. माटोळी स्पर्धेच्या परीक्षकाने 'मांडणी अकल्पित' असा शेरा मारला, तर स्पर्धकाने खुशाल बक्षिसाची वाट बघावी.