प्रोग्रामिंगसाठी (जावा, स्प्रिंग बूट आणि थोडं अँड्रॉइड) डेस्कटॉप जोडून घ्यायचा आहे, अमळनेरला राहतो. दुकानदार ग्राफिक्स कार्ड घ्याच म्हणतोय. आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन?

भाऊ, मी भुसावळचा. सहा-सात वर्षांपासून घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करतो, दोन मशीन स्वतः जोडलीत, त्यातलं एक स्वतःच जाळलंय. म्हणून आय फाइव्ह की आय सेव्हन याकडे नंतर येतो, आधी घरातल्या लाइटीचं बोलू.

पहिल्या मशीनला मी कॅबिनेटसोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय ठेवला होता. मे महिन्याची दुपार, पारा ४५ च्या पुढे, लाइट तिसऱ्यांदा जाऊन आली आणि ‘फट्’ असा आवाज झाला. पॉवर सप्लाय गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्या सप्लायवर ‘५०० वॅट’ असं ठसठशीत छापलेलं होतं. छापायला काय लागतं?

तर पहिला खर्च चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या सप्लायवर करा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्यावरचा. मात्र हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची आहे तेही पाहा. पाच वर्षं वॉरंटी देणारा सहसा आत बरे कपॅसिटर घालतो.

दुसरं, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? आपल्याकडच्या जुन्या घरांत हे इतकं नेहमीचं आहे की लोकांना त्यात काही वावगंच वाटत नाही. सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून किंचित करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर तुमच्या बोटातून. दुकानात जायच्या आधी वायरमनला बोलवून तेवढं तपासून घ्या. ग्राफिक्स कार्डाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला करा, नाहीतर लाइट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होईल. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. तो साधारण ३६० वॅट देतो, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन मॉनिटर धरून सहसा त्याच्या निम्म्यातच भागतं. मॉनिटरही त्याच यूपीएसवर लावा, नाहीतर मशीन चालू आणि पडदा काळा, मग सेव्ह कुठे करणार? बॅटरी मात्र उन्हाळ्यात लवकर मरते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हे हिशोबात धरा.

आता ग्राफिक्स कार्ड. गेम बनवणार असाल किंवा एआयची मॉडेल घरच्या मशीनवर चालवणार असाल तर घ्या, तेव्हा कुडासाठी (एआयची बरीच सॉफ्टवेअर वापरतात ती एनव्हिडियाची प्रणाली) एनव्हिडियाचंच घ्या. तुम्ही जावा, स्प्रिंग बूट आणि थोडं अँड्रॉइड असं लिहिलंय. त्यात कार्डाला काही कामच नाही, नुसती खोली तापेल. फक्त प्रोसेसर घेताना नीट बघा: इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड घ्यावंच लागतं. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० प्रोसेसरमध्येही ‘एफ’चं तेच.

आय सेव्हनचं म्हणाल तर आकड्यापेक्षा पिढी विचारा. बाजारात नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये चौथ्या पिढीचा आय सेव्हन घालून स्वस्तात देतात. तो २०१३ सालचा माल आहे. विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची मागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला.

मी तुमच्या जागी असतो तर रायझन ५ ७६०० घेतला असता. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच. त्याचं एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडी म्हणते, म्हणजे नंतर नुसता प्रोसेसर बदलता येईल. सोबत त्याला चालणारा बी६५० चा मदरबोर्ड.

वाचलेला पैसा रॅममध्ये टाका. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं), एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) आणि क्रोमच्या चाळीस टॅब एकत्र उघडल्या की १६ जीबीचा जीव जातो. ३२ घ्या, १६-१६ च्या दोन काड्या. एकच काडी लावली तर मेमरीचा एकच चॅनल चालतो, आणि डीडीआर५ च्या चार काड्या लावल्या तर वेग उतरतो. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. इथे फार डोकं खाऊ नका, नावाजलेल्या कंपनीची कोणतीही चालेल. भाव मात्र आज एक, उद्या एक, त्यामुळे कोटेशन दोन दुकानांतून घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. खोलीच ४० अंशांवर असेल तर कोणताही पंखा मशीनला त्याखाली आणू शकत नाही, निदान हवा तरी खेळू द्या. माझ्या जुन्या डब्याला पुढे काच होती. आई जवळून गेली की विचारायची, “तुना डबा तपी गया का रे?” आणि वाळ्याच्या कूलरसमोर मशीन ठेवायची चूक करू नका. बोअरच्या पाण्याचे तुषार बोर्डावर सुकले की पांढरे क्षार बसतात. धूळ महिन्यातून एकदा ब्लोअरने काढा, तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

मॉनिटर २७ इंची १४४०पी बघा. दिवसभर अक्षरंच वाचायची आहेत.

सगळं जोडून झालं की मॉनिटरची केबल मदरबोर्डवर लावा आणि बटण दाबा. पहिल्यांदा डीडीआर५ ची मेमरी स्वतःला जुळवून घेत असते, तोवर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. मी घाबरून दोनदा बंद केलं होतं. तुम्ही तोवर चहा ठेवा. चालू झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, तेवढं चालू करा, नाहीतर विकत घेतलेल्या वेगापेक्षा कमी वेगात रॅम चालत राहील आणि कळणारही नाही.