वाचकांचे प्रश्न : जुन्या रेकॉर्डची खरखर

प्रश्न : वापरलेल्या एलपी घेतो, पण बहुतेक खरखरतात. ही खरखर धुऊन जाणारी आहे की कायमची, हे कसे ओळखायचे?

उत्तर : आधी कान देऊन ऐका. ‘टक्’ असा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर त्यातले अंतर मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीला रेकॉर्डची एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी होते. टक्-टक् नेमकी त्याच अंतराने येत असेल, तर खाचांना आडवा ओरखडा गेला आहे किंवा एका जागी काहीतरी चिकटले आहे. दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरा. रेघ दिसली तर धुण्याने फरक पडणार नाही, ठिपका दिसला तर आशा आहे.

बाजूभर पसरलेली, कसलाही ताल नसलेली चरचर बहुधा धूळ, बोटांचे तेल, बुरशी किंवा स्थिर विजेची असते. हवा कोरडी असताना ती वाढत असेल आणि रेकॉर्ड उचलताना खालची मॅटही चिकटून वर येत असेल, तर संशय स्थिर विजेवर घ्या. यातले बरेचसे जाते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेत सगळे शांत असते, पण गाणारा जोरात वर गेला की आवाज फाटतो. ही झीज आहे, घासलेल्या किंवा चुकीच्या बसवलेल्या पिनेने केलेली. लेबलच्या जवळ ती जास्त जाणवते, कारण बाहेरची खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर जाते, तर आतली जेमतेम 21. तेवढेच बारीक स्वर निम्म्याहून कमी जागेत कोरलेले असतात. खरवडले गेलेले व्हिनाइल (एलपीचे प्लॅस्टिक) परत येत नाही. तरी निकाल देण्याआधी एक चांगली रेकॉर्ड लावून दोष आपल्याच पिनेचा नाही ना, हे पाहा. कधी कधी वेगळ्या आकाराच्या टोकाची पिन खाचेच्या भिंतीला निराळ्या उंचीवर टेकते आणि न झिजलेला पट्टा तिला सापडतो.

प्रश्न : रेकॉर्ड घरी धुतली, तर खरखर उलट वाढली! काय चुकले?

उत्तर : मळ सुटला, पण निघाला नाही. द्रवात तरंगणारी घाण खाचेतच वाळली, आणि आता पिन तिच्यातून नांगर चालवते आहे. नळाचे पाणी वापरले असेल तर वाळल्यावर त्यातले क्षारही मागे राहतात. भांडी घासायच्या साबणात सुगंध आणि इतर द्रव्ये असतात, त्यांचा थर बसतो. हातांच्या सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असते, तेही नको.

एक लिटर द्रवासाठी 800 मिली डिस्टिल्ड पाणी, 200 मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोच्या फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब घ्या. थेंब वाढवू नका. पाणी खाचेत उतरावे एवढ्यापुरतेच त्याचे काम आहे. जवळ ज्योत नको, खिडकी उघडी ठेवा.

आधी कोरड्या कार्बन फायबर ब्रशने वरची धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. मग लेबल कोरडे ठेवून एका बाजूवर पाच-सहा मिली द्रव पसरवा आणि मऊ, बारीक केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने तीन-चार फेऱ्या फिरवा, मग तितक्याच उलट. आडवे कधीही घासू नका. मिनिटभर थांबा, पण वाळू देऊ नका. धागे न सोडणाऱ्या मायक्रोफायबर कापडाने द्रव टिपा. व्हॅक्यूमने ओढून घेणारे यंत्र असेल तर सर्वांत उत्तम. त्यानंतर वेगळ्या ब्रशने नुसते डिस्टिल्ड पाणी फिरवून पुन्हा टिपा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि तिथेच सगळे बिघडते. रेकॉर्ड उभी ठेवून अर्धा तास वाळू द्या. जुन्या कागदी पाकिटात परत घातली तर तीच धूळ पुन्हा लागेल, म्हणून आतले पाकीट नवे, अँटिस्टॅटिक घ्या. बुरशी असेल तर जुने पाकीट टाकूनच द्या आणि काम तोंडाला मास्क बांधून करा.

पहिल्यांदा वाजवल्यावर पिनेचे टोक पाहा. त्यावर करड्या रंगाचा गोळा दिसला तर मागून पुढे ब्रश फिरवून काढा आणि रेकॉर्ड पुन्हा एकदा धुवा. त्याच रेकॉर्डला दोन-तीन धुण्या लागणे अगदी नेहमीचे आहे.

प्रश्न : 78 गतीच्या (मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या) रेकॉर्डही याच द्रवाने धुवाव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. त्या बहुतेक शेलॅकच्या (लाखेच्या) असतात आणि अल्कोहोल शेलॅक विरघळवते. एकदा पृष्ठभाग गेला की गेला. नुसते डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंटचा थेंब-दोन थेंब, भिजत न ठेवता, आणि लगेच टिपायचे. त्याहून मोठा फरक पिनेने पडतो. एलपीच्या पिनेचे गोल टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचे असते, 78च्या खाचेला सुमारे 75 लागते. बारीक टोक खाचेच्या तळाशी आपटत, तिथला कचरा उपसत जाते. शेलॅकमध्ये दगडाची पूड मिसळलेली असल्याने थोडी सरसर मात्र राहणारच.

प्रश्न : जुनी मोनो एलपी स्टीरिओ काट्रिजवर (पिन बसते त्या भागावर) फार खरखर करते.

उत्तर : अँप्लिफायरचे मोनो बटण दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते. तळाच्या कचऱ्याने पिन वर-खाली उडते, तो आवाज स्टीरिओ काट्रिज दोन वाहिन्यांत उलट-सुलट देते. दोन्ही एकत्र केल्या की तो आवाज आपोआप कटतो. बटण नसेल तर रेकॉर्ड संगणकावर घेतल्यावर दोन्ही वाहिन्या एकत्र करा.

प्रश्न : रेकॉर्ड झिजू नये म्हणून पिनेचे वजन एक ग्रॅमवर आणले. चालेल?

उत्तर : काट्रिजच्या निर्मात्याने तेवढे सांगितले असेल तरच. हलकी पिन भिंतीला धरून राहत नाही, उसळते आणि आपटून खाच फोडते. सांगितलेल्या मर्यादेच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवा. अनेक मूव्हिंग मॅग्नेट (आत हलते चुंबक असलेल्या) काट्रिजसाठी हे 1.5 ते 2 ग्रॅम येते. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा.

प्रश्न : संगणकावर खरखर काढताना गाणे पाण्याखालून आल्यासारखे होते.

उत्तर : ‘नॉइज रिडक्शन’ जास्त लागले आहे. टक्-टक् आणि सलग सरसर यांची औषधे वेगळी. गाणे संगणकावर 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या सेटिंगवर घ्या, सर्वांत मोठा आवाज मीटरवरच्या शून्याच्या 6 डेसिबल खाली राहू द्या. मग आधी फक्त क्लिक काढा. मोठे टक् एकेक निवडून, आपोआप सगळीकडे नव्हे, कारण तबल्याची थाप आणि पितळी वाद्यांचे टोकदार स्वरही सॉफ्टवेअरला क्लिकच वाटतात. नंतर सरसर काढायचीच असेल तर थोडीच, 4 ते 6 डेसिबल. काय काढले गेले ते वेगळे ऐकण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा : त्यात सूर ऐकू आला, तर एक पाऊल मागे या. मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवा.